हिरवी भाषा आणि पोलिसाचा कान

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीच्या चक्रमुद्रित पत्रकासाठी मी फ्रान्स्वा त्रुफोच्या १९५९च्या चित्रपटाचा परिचय लिहिला होता. त्याचं इंग्रजी नाव 'द फोर हंड्रेड ब्लोज'. मी त्याचं मराठी केलं 'चारशे तडाखे'. पुढे एक भारदस्त परिच्छेदही लिहिला. आंत्वान द्वानेल या पोराला घर, शाळा आणि सुधारगृह यांनी मिळून हाणलेले हे तडाखे आहेत, असा त्याचा आशय. परिच्छेद बरा साधला होता. दोघा-तिघांनी थांबवून तसं सांगितलंही. फक्त त्याला आधार नव्हता.

पुढे फ्रेंच शिकू लागलो. शिकू लागलो म्हणजे काय, तर अप्पा बळवंत चौकात एक पाठ फाटलेला कोश मिळाला आणि रोज रात्री जेवणानंतर तासभर त्याच्याशी झटापट सुरू झाली. तेव्हा कळलं, की 'कात्र सां कू', म्हणजे 'चारशे कू', करणं हा फ्रेंचमधला वाक्प्रचार आहे. अर्थ: धुडगूस घालणं, उच्छाद मांडणं, नाही नाही ते उद्योग करणं. शीर्षकातला मुलगा तडाखे खाणारा नव्हता, उनाडक्या करणारा होता. माझ्या परिच्छेदाने कर्त्याचं कर्म करून टाकलं होतं. अमेरिकेतल्या पहिल्या प्रतींसाठी 'वाइल्ड ओट्स' असं अर्थाला धरून नाव सुचवलं गेलं होतं. वितरकाला ते रुचलं नाही आणि शब्दशः नाव कायम झालं. म्हणजे चूक माझी एकट्याची नव्हती, पण ती उचलून मराठीत आणणारा मी होतो.

या चारशेंची एक कथा सांगतात. १६२१मध्ये तेराव्या लुईने मोंतोबां शहराला वेढा घातला, शहरावर चारशे तोफा डागल्या, तरी लोक बधले नाहीत. गोष्ट झकास आहे; वाक्प्रचारांच्या अशा झकास गोष्टींवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. आपण 'सतराशे साठ भानगडी' म्हणतो तेव्हा कोण मोजायला बसतं? उद्या कुणी परदेशी अभ्यासकाने इंग्रजीत नेमक्या १७६० भानगडींचा हिशेब मांडला, तर आपल्याला हसू येईल. माझ्या 'चारशे तडाख्यां'वर कुणी हसलं नाही, कारण आपण बहुतेक सगळं फ्रेंच साहित्य इंग्रजीच्या पडवीत बसून पाहत आलो. माजघरात काय चाललंय त्याचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

फ्रेंचमध्ये या बाजारू, गल्लीतल्या भाषेला 'आर्गो' म्हणतात. हा शब्द मुळात भाषेचा नव्हे, भिकाऱ्या-भामट्यांच्या टोळीचा. माणसांचं नाव नंतर त्यांच्या बोलीला चिकटलं. दुसरं नाव 'लांग व्हेर्त', म्हणजे शब्दशः 'हिरवी भाषा'. इंग्रजीत हिरव्याचा अर्थ कच्चा, अननुभवी किंवा हेवेखोर होतो, त्यामुळे तिथे हे नाव आंधळं होतं. मराठीत मात्र 'हिरवट' म्हातारा म्हटलं की सांगावं लागत नाही. अशा जागी इंग्रजीला बाजूला सारून मराठी आणि फ्रेंच थेट एकमेकींना डोळा मारतात, तेव्हा मला कोश विकत घेतल्याचं सार्थक वाटतं.

आल्फ्रेद देल्व्हो याने १८६६मध्ये या हिरव्या भाषेचा कोश काढला आणि एमिल झोलाने 'लासोमवार' लिहिताना तो जवळ बाळगला. या नावात 'असोमे' हे क्रियापद आहे: डोक्यात सोटा घालून आडवा करणं. 'असोमवार' म्हणजे तो सोटा, आणि गल्लीच्या भाषेत स्वस्त दारूचं दुकान. आपल्या 'गुत्त्या'त दारू आहे, पण सोटा नाही. इंग्रजीत या कादंबरीला 'द ड्रॅम शॉप', 'द जिन पॅलेस', 'द ड्रिंकिंग डेन' अशी नावं मिळाली. प्रत्येकाने दुकान उघडलं आणि सोटा बाहेर ठेवला. काहींनी शहाणपणाने फ्रेंच नावच राहू दिलं. १८७७च्या प्रस्तावनेत झोलाची तक्रार अशी आहे, की लोक चिडले ते शब्दांवर. कारण उघड आहे. त्याच्या कादंबरीत केवळ धोबीण झेर्व्हेझ आणि तिचा नवरा कूपो अशी भाषा बोलत नाहीत. निवेदकही तीच बोलू लागतो. पात्रांनी शिव्या दिल्या तर चालतं, लेखकाने त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं नसतं. इंग्लंडमध्ये झोला छापणाऱ्या हेन्री व्हिझेटेली या प्रकाशकाला तर, मजकुराची काटछाट करूनही, १८८९मध्ये तीन महिने तुरुंगात बसावं लागलं. पुस्तकं अश्लील ठरली होती.

शब्दकोशातल्या गमतीजमती पुष्कळ आहेत आणि त्या सांगण्याचा मोहही होतो. 'बेझे' हे नाम म्हणून चुंबन. क्रियापद म्हणून वापरलं तर आजच्या बोलीत थेट संभोग, किंवा एखाद्याला गंडवणं. चुंबन घेण्यासाठी मग 'आंब्रासे' हे क्रियापद वापरायचं, ज्याचा मूळ अर्थ मिठीत घेणं. 'पुले' म्हणजे कोंबडी, एके काळी प्रेमपत्र, आणि आता पोलीस. इंग्रजीत शब्दशः नेलं तर पोलिसाचा भित्रा होतो. पण अशा यादीने फार हाती लागत नाही. शब्दाचे दोन अर्थ कोशात शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. भांडण लागतं ते कुणीतरी तो शब्द उच्चारतो आणि दुसरा कुणी ऐकतो तेव्हा. ते भांडण मला ज्या गोष्टीत सर्वांत स्वच्छ दिसलं, ती अनातोल फ्रान्स यांची 'क्रँकबीय'. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीची.

क्रँकबीय हा पॅरिसमध्ये हातगाडीवर भाजी विकणारा म्हातारा. र्‍यू मोंमार्त्रवर चांभाराची बायको, मादाम बायार, त्याच्याकडून लीकच्या, म्हणजे पातीच्या कांद्यासारख्या भाजीच्या, जुड्या घेते आणि चौदा सू आणायला दुकानात जाते. तेवढ्यात तिथे गिऱ्हाईक येतं, लहान मुलाच्या पायात बूट घालून पाहणं सुरू होतं. बाहेर ६४ नंबरचा पोलीस म्हणतो, गाडी पुढे घे. म्हातारा म्हणतो, पैसे यायचेत. तीनदा असं होतं, रस्ता तुंबतो, आणि अचानक पोलिसाला वाटतं की हा आपल्याला 'मॉर ओ व्हाश' म्हणाला.

'व्हाश' म्हणजे गाय. वाक्याचा शब्दशः अर्थ 'गाईंना मरण'. (आपल्याकडे हे शब्द सुटे छापायचे तर संपादकांना दोनदा विचार करावा लागेल.) हिरव्या भाषेतला अर्थ 'पोलीस मुर्दाबाद', अराजकवाद्यांची ती घोषणाच होती. गाय इथे कुठून आली? जर्मन पहारेकऱ्यांच्या चौकीवर 'वाख' असं लिहिलेलं असे, त्यावरून आली, असं सांगतात. हीसुद्धा तोफांसारखीच नीटस गोष्ट.

मुद्दा असा, की म्हाताऱ्याने हे म्हटलेलंच नाही. लेखक तिथे एक बारीक गोष्ट सांगून जातो: त्या पोलिसाच्या डोक्यात कोणताही अपमान याच ठरलेल्या, जवळजवळ मंत्रासारख्या रूपात उमटत असे. म्हणजे त्याने वाक्य ऐकलं नाही, ओळखलं. म्हातारा थक्क होऊन विचारतो, मी 'मॉर ओ व्हाश' म्हटलं? मी? आणि आता मात्र सगळ्या गर्दीने ते त्याच्या तोंडून ऐकलेलं असतं. कोर्टात तो सांगू पाहतो, की पोलीस ते म्हणाले म्हणून मी ते म्हटलं. न्यायाधीशाला यात कबुली ऐकू येते. एका मोठ्या इस्पितळाचा डॉक्टर साक्ष देतो, की मी तिथे होतो आणि हा काहीही बोलला नाही. उपयोग होत नाही. माणूस चुकू शकतो, ६४ नंबर कसा चुकेल? पंधरा दिवस कैद आणि पन्नास फ्रँक दंड. हे द्रेफ्यूस प्रकरणाचे दिवस होते आणि लेखक द्रेफ्यूसच्या बाजूचा, एवढं सांगितलं की पुरे. मला अधिक बोचतं ते आणखी एक वाक्य. म्हाताऱ्याला चौकीवर नेताना मादाम बायार विचार करते, की पकडून नेलेल्या माणसाचं आपण काही देणं लागत नाही, आणि ते चौदा सू एप्रनच्या खिशात टाकते.

म्हाताऱ्याचा वकील कोर्टात काय करतो? हिरव्या भाषेच्या कोशाचा हवाला देतो! 'व्हाशार' म्हणजे आळशी, 'व्हाश' म्हणजे पोलिसांना विकला गेलेला खबऱ्या. विद्वत्ता निर्दोष, अशिलाला फायदा शून्य. शब्दाचा अर्थ काय हा प्रश्नच नव्हता; शब्द उच्चारला गेला का, आणि कुणाच्या कानाने तो ठरवायचा, हा होता. कोश उघडून बसणाऱ्या माझ्यासारख्याने हे पान वाचताना थोडं खजील व्हावं, अशी लेखकाची इच्छा असावी. मी झालो.

गोदारच्या १९६०च्या 'ब्रेथलेस'च्या शेवटी हाच खटला पुन्हा चालतो. गोळी लागून रस्त्यावर पडलेला मिशेल म्हणतो, की हे खरोखर 'देग्योलास' आहे. या शब्दाच्या पोटात जनावराचं तोंड आणि ओकारी आहे. अर्थ किळसवाणं, नीच. कशाबद्दल म्हणाला? मरणाबद्दल, स्वतःबद्दल, की पकडून देणाऱ्या पॅट्रिशियाबद्दल? अमेरिकन पॅट्रिशियाला नीट ऐकू येत नाही. ती विचारते, आणि पोलीस अधिकारी सांगतो: तो म्हणाला, तुम्ही नीच आहात. पुन्हा पोलिसाचा कान! सर्वनाम बदललं, आरोप ठरला. मग ती विचारते, 'देग्योलास' म्हणजे काय? चित्रपट संपतो. इंग्रजी सबटायटल्समध्ये तिथे कोणताही रोजचा इंग्रजी शब्द घातला, की एक अमेरिकन मुलगी स्वतःच्याच भाषेतल्या साध्या शब्दाचा अर्थ विचारताना दिसते. तिचं परकेपण पुसलं जातं. शिवाय काही अनुवादक मिशेलच्या मूळ वाक्यातच शिवी तिच्याकडे वळवतात, म्हणजे पोलिसाची साक्ष आधीच मान्य करून टाकतात. हा मला शब्द न कळण्यापेक्षा मोठा दोष वाटतो.

तरुणपणी मी 'क्रँकबीय' इंग्रजीवरून मराठीत आणली होती आणि त्या जागी सरळ 'पोलीस मुर्दाबाद' लिहिलं होतं. ते हस्तलिखित गेल्या वर्षी पुन्हा काढलं. 'मुर्दाबाद'ने गोष्ट मोडते. ती मोर्चातली उघड घोषणा झाली. वकिलाला कोश उघडायचं कारण उरत नाही, आणि न्यायाधीशाला न कळल्याचा आव आणता येत नाही. मग 'मामा' करून पाहिलं. फार लाडिक, शिवाय 'मामा बनवणं' आडवं येतं. 'पांडू' बराच काळ टिकला. दादा कोंडके यांच्या १९७५च्या 'पांडू हवालदार'पासून तो शब्द प्रत्येक हवालदाराच्या कानात तयार बसलेला आहे; कुणी 'पंडित' म्हणालं तरी त्याला 'पांडू'च ऐकू यावा. आणि कोर्टात वकिलाने कोश उघडला तर त्यात निघेल हस्तिनापूरचा राजा, पाच पांडवांचा पिता! अख्खी गोष्ट त्या एका शब्दावर उभी राहिली असती. पण मग र्‍यू मोंमार्त्रचं दादर झालं असतं, आणि चौदा सूंचं काय करायचं ते मला सुचेना. शेवटी 'मॉर ओ व्हाश' तसंच देवनागरीत ठेवलं. पोलीस ते ऐकतो, गर्दी हसते, न्यायाधीश विचारतो. मराठी वाचकाला अर्थ वकिलाच्या भाषणापर्यंत कळत नाही. तोवर शिक्षा जवळजवळ ठरलेली असते.

सुटून आल्यावर म्हाताऱ्याकडे कुणी भाजी घेत नाही. तो दारूला लागतो, गाडी जाते, खोली जाते. तुरुंगात ऊब होती, जेवण होतं, हे त्याला आठवतं. पावसाच्या रात्री दिव्याखाली टोपीचा झगा घालून उभ्या असलेल्या एका पोलिसासमोर तो जातो आणि या खेपेला खरोखर म्हणतो: 'मॉर ओ व्हाश'. पोलीस काहीच करत नाही. म्हातारा पुन्हा म्हणून पाहतो. पोलीस त्याला समजावतो, की या वयात असं बोलू नये, आपल्या वाटेने जावं. मला पकडत का नाही, म्हातारा विचारतो. बरळणाऱ्या प्रत्येकाला पकडायचं म्हटलं तर पुरे पडायचं नाही, असं उत्तर येतं. म्हातारा मान खाली घालून, हात लोंबते ठेवून पावसात चालू लागतो.