उसनेपणाचा आरोप

अंधबधिर लेखिका हेलन केलर यांच्या गद्यासंबंधी एक आक्षेप पुनःपुन्हा घेतला गेला आहे : जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्याच्या रंगरूपाविषयी त्यांनी का लिहावे? १९३३ साली थॉमस कट्सफोर्थ या मानसशास्त्रज्ञाने अशा दृश्य शब्दकळेला शाब्दिक अवास्तवतेचा नमुना ठरवले. कट्सफोर्थ स्वतः अंध होते; त्यामुळे हा आक्षेप डोळसांचा पूर्वग्रह म्हणून बाजूला सारता येत नाही. अंध मुलाच्या हाताला आणि कानाला जे कळते ते गौण मानून शाळा त्याच्याकडून डोळसांचे शब्द घोकून घेते, हे त्यांचे निरीक्षण मार्मिकच आहे.

मात्र शाळेविषयीचे हे निदान लेखिकेच्या वाक्याला लावले की घोटाळा होतो. इंद्रियाने ग्वाही दिल्याखेरीज शब्दाला अर्थ येत नाही, असे त्यात गृहीत धरले जाते. मराठीत आपण मीठ चाखून पाहतो, दार ढकलून पाहतो, शेजाऱ्याला विचारून पाहतो. जन्मांध मराठी भाषक हे 'पाहणे' कोणाकडून उसने घेत नाही. भाषा सर्वांना मिळते तशीच ती त्यालाही मिळते. 'द वर्ल्ड आय लिव्ह इन' (१९०८) या पुस्तकात केलर यांनी सादृश्याच्या आधारे असाच हक्क सांगितला होता. अर्थात 'द स्टोरी ऑफ माय लाइफ'मधील (१९०३) काही निसर्गवर्णने त्यामुळे तरून जात नाहीत. ती पाठ्यपुस्तकी आहेत, आणि स्पर्शाविषयी लिहिताना त्याच लेखिकेचे गद्य कितीतरी नेमके होते. पण हा दोष शैलीचा, अधिकाराचा नव्हे.

हा भेद केवळ साहित्यशास्त्रीय नाही. केलर १९०९ साली समाजवादी पक्षात गेल्या, तेव्हा त्यांची मतेही उसनी ठरली. 'ब्रुकलिन ईगल'ने त्यांच्या चुकांचे मूळ त्यांच्या विकासाच्या मर्यादांत शोधले. १९१२ सालच्या उत्तरात केलर यांनी आपण काय वाचतो ते सांगितले : ब्रेलमध्ये छापलेले एक जर्मन समाजवादी नियतकालिक, आणि कोणीतरी तळहातावर अक्षरे काढून वाचून दाखवलेले लेख. ज्यांचा प्रभाव गृहीत धरला जात होता त्या शिक्षिका ॲन सलिव्हन मेसी समाजवादी नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. स्वावलंबनाची प्रचलित कल्पना येथे अपुरी पडते. अक्षरे काढणारा हात दुसऱ्याचा होता. काय वाचायचे आणि त्यातून काय मानायचे, हा निर्णय केलर यांचा होता. सहाय्य म्हणजे पालकत्व नव्हे.

संपादकांना आपल्याकडून केवळ आपल्याविषयीचेच लेखन हवे असते, अशी तक्रार केलर यांनी १९०८ च्या पुस्तकाच्या आरंभीच केली होती. इतरांच्या वतीने बोलू लागताच त्यांचा आवाज संशयास्पद का व्हावा, हे तिच्यातून कळते. 'आउट ऑफ द डार्क' (१९१३) या लेखसंग्रहात अंधत्वाचा संबंध दारिद्र्याशी, कारखान्यांतील परिस्थितीशी आणि नवजातांच्या डोळ्यांना होणाऱ्या टाळता येण्याजोग्या संसर्गाशी जोडलेला आहे. तेथे कट्सफोर्थ यांना खटकावेत असे रंग जवळजवळ नाहीत. उसनेपणाचा आरोप मात्र याच विचारांवर अधिक तिखटपणे झाला.