पहारेकऱ्यांवरील पहारा : अमेरिकेतील पक्षनिष्ठ माध्यम-निरीक्षक संकेतस्थळांची चिकित्सा

प्रास्ताविक

वृत्तमाध्यमांना लोकशाहीचा चौथा स्तंभ मानले जाते. मात्र या स्तंभावर देखरेख कोणी ठेवायची, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. अमेरिकेत हे काम प्रामुख्याने उघड राजकीय भूमिका असलेल्या संस्थांनी अंगावर घेतले. रीड आयर्विन यांची 'ॲक्युरसी इन मीडिया' (१९६९) आणि ब्रेंट बोझेल यांचे 'मीडिया रिसर्च सेंटर' (१९८७) या उजव्या विचारांच्या, तर 'फेअर' (१९८६) ही डाव्या विचारांची संस्था होय. महाजालामुळे या परंपरेस गती लाभली. डेव्हिड ब्रॉक यांनी २००४ मध्ये 'मीडिया मॅटर्स फॉर अमेरिका' सुरू केले. २००५ मध्ये मीडिया रिसर्च सेंटरने 'न्यूजबस्टर्स' हे संकेतस्थळ काढले. पहिल्याचा रोख पुराणमतवादी अपप्रचारावर, तर दुसऱ्याचा उदारमतवादी पक्षपातावर आहे. ब्रॉक स्वतः पूर्वी पुराणमतवादी गोटातील पत्रकार होते, ही बाब लक्षणीय आहे.

उपलब्धी

पक्षनिष्ठेमुळे निरीक्षण आपोआप असत्य ठरत नाही. ८ सप्टेंबर २००४ रोजी सीबीएस वाहिनीने जॉर्ज बुश यांच्या लष्करी सेवेसंबंधी काही कागदपत्रे प्रसारित केली. त्यांतील अक्षरवळण टंकलेखन यंत्राचे नसून संगणकाचे असावे, असा आक्षेप उजव्या विचारांच्या ब्लॉगलेखकांनी काही तासांतच घेतला. कागदपत्रांची सत्यता सिद्ध करता येत नसल्याचे वाहिनीने त्याच महिन्यात मान्य केले. एप्रिल २००७ मध्ये नभोवाणी-निवेदक डॉन आयमस यांनी रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाविषयी वंशद्वेषी उद्गार काढले. मीडिया मॅटर्सने ती चित्रफीत शब्दांकनासह प्रसृत केली आणि सुमारे आठवडाभरात आयमस यांचा कार्यक्रम बंद झाला. दोन्ही प्रसंगी हेतू पक्षीय असला, तरी पुरावा कोणालाही तपासता येण्याजोगा होता.

मर्यादा

खरी अडचण पुराव्याच्या निवडीत आहे. एकेक नोंद अचूक असूनही सर्व नोंदींतून उभे राहणारे चित्र एकांगी असू शकते. कारण प्रतिपक्षाच्या चुका टिपल्या जातात, स्वपक्षाला लाभदायक ठरलेल्या चुका नोंदवहीत येतच नाहीत. शिवाय 'पक्षपात' मोजण्यासाठी तटस्थतेचा एक बिंदू गृहीत धरावा लागतो आणि तो प्रत्येक संस्था आपल्या अंगणातच रोवते.

या संदर्भात स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हॅलोन, रॉस व लेपर यांचे १९८५ चे संशोधन मोलाचे आहे. बैरूतमधील १९८२ च्या हत्याकांडाची तीच दूरचित्रवाणी-वार्तांकने इस्रायल-समर्थक व अरब-समर्थक विद्यार्थ्यांना दाखविण्यात आली. दोन्ही गटांना ती आपल्याच विरोधात झुकलेली वाटली. म्हणजेच पक्षपाताची जाणीव हा पक्षपाताचा पुरावा नव्हे. पक्षनिष्ठ संकेतस्थळे मात्र या जाणिवेलाच दररोज खतपाणी घालतात. परिणामी वाचक विशिष्ट बातमीची चिकित्सा करण्याऐवजी विशिष्ट वाहिनीवरच कायमचा अविश्वास ठेवू लागतो. चुकीची दुरुस्ती हे पत्रकारितेच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. परंतु अशा वातावरणात तीच दुरुस्ती अप्रामाणिकपणाची कबुली म्हणून मिरविली जाते. मग चूक मान्य करण्यापेक्षा ती झाकण्याकडेच संपादकांचा कल वाढण्याचा धोका संभवतो.

निष्कर्ष

या संकेतस्थळांकडे न्यायाधीश म्हणून न पाहता वकील म्हणून पाहणे अधिक उचित ठरेल. वकिलाकडून तटस्थतेची अपेक्षा नसते. पुराव्याशी प्रामाणिक राहण्याची मात्र असते. तथापि न्यायालयात दोन्ही बाजू एकाच न्यायासनासमोर उभ्या राहतात. येथे प्रत्येक वकिलाने आपापले न्यायालय थाटले असून श्रोतेही आपल्याच पक्षाचे जमविले आहेत. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद शेजारी ठेवून मूळ बातमी वाचणारा वाचक हाच या व्यवस्थेतील खरा न्यायाधीश होय. असा वाचक घडविण्याची जबाबदारी संकेतस्थळांवर सोपविता येणार नाही. ती मुख्यतः शिक्षणाची, विशेषतः महाविद्यालयीन वर्गाची आहे.