‘डूलॅली टॅप’ : एका व्युत्पत्तीचे परीक्षण

इंग्रजी बोलभाषेत ‘डूलॅली’ म्हणजे डोके फिरलेला. हा शब्द नाशिकनजीकच्या देवळालीचा अपभ्रंश होय, हे कोशकारांनी मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो गावाच्या नावाला वेडाचा अर्थ कसा चिकटला, हा. तेथे गोऱ्या सैनिकांसाठी वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून, हे त्याचे लोकप्रिय उत्तर. ते फार सोपे आहे, आणि संशय येतो तो त्यामुळेच.

मूळ प्रयोग दोन शब्दांचा आहे. फ्रेझर व गिबन्स यांच्या १९२५ च्या सैनिकी शब्दसंग्रहात तो ‘डूलॅली टॅप’ असाच येतो. यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. शिपायांनी तो छावणीतील हिंदुस्थानीतून उचलला असावा. म्हणजे मूळ प्रयोगात वेड्यांचे घर कोठेच नाही. आहे तो एका विशिष्ट ठिकाणी जडणारा ज्वर.

हा ज्वर कशाचा, ते फ्रँक रिचर्ड्स या शिपायाच्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींवरून कळते. नोकरीची मुदत संपलेले सैनिक स्वदेशी धाडण्यासाठी देवळालीच्या तळावर आणून ठेवीत. सैन्य वाहणारी जहाजे मुंबईहून ठराविक महिन्यांतच सुटत. हंगाम हुकला की पुढील हंगामापर्यंत तेथेच पडून राहावयाचे, आणि करावयास काम असे काही नाही. या कंटाळ्याने माणसे चमत्कारिक वागू लागत व त्यावरून हा वाक्प्रचार निघाला असावा, असे रिचर्ड्स म्हणतात. हाही तर्कच, परंतु तो त्या जीवनातून गेलेल्या माणसाचा आहे. शिवाय तो ‘ताप’ या शब्दाचा हिशेब देतो, इस्पितळाची कथा देत नाही. पुढे वापरात ‘टॅप’ गळाला, वेडाचा सारा भार एकट्या गावावर पडला आणि तो पेलण्यासाठी वेड्यांच्या इस्पितळाची गरज भासली, असा क्रम अधिक संभाव्य दिसतो.

ध्वनिपरिवर्तन मात्र सरळ आहे. ‘देव’चा ‘डू’ झाला, आणि इंग्रजीत नसलेल्या ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला. मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’चे ‘हॉब्सन-जॉब्सन’ करणाऱ्या कानांना हे अवघड नव्हते. यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या कोशास तेच नाव दिले.

मराठी वाचकास ‘ताप’ अधिक जवळचा. आपल्याकडे तो ज्वरही आहे आणि डोक्याला होणारा त्रासही. देवळालीचा सैनिक या दुसऱ्या अर्थानेच अधिक तापला होता. परंतु शिपायांना हा मराठी अर्थ ठाऊक होता, असे मात्र यावरून म्हणता येणार नाही.

घाटकोपर, मुलुंड, कल्याण या मार्गानेच हे सैनिक आगगाडीने मुंबई बंदराकडे परतत. त्यांचा शब्द पुढे विलायतेहून मुंबईच्या उपनगरांतही परत आला. पुण्यात २००९ साली निघालेल्या ‘डूलॅली’ या मद्यनिर्मितीगृहाने अंधेरीत ‘टॅपरूम’ उघडली. तेथील ‘टॅप’ म्हणजे पिंपाची तोटी. तापाशी तिचा काही संबंध नाही.