देवापीचा त्वग्दोष : एका कथेची तीन रूपे

सातारा जिल्ह्यातील औंधचे नाव प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. संस्थानाधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी १९१८ मध्ये महाभारताच्या सचित्र चिकित्सक आवृत्तीची कल्पना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढे मांडली आणि त्या कार्यासाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले. ते कार्य १९६६ मध्ये तडीस गेले. ह्याच औंधास राहून पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर ह्यांनी १९४८ पर्यंत स्वाध्याय मंडळाच्या द्वारे वेदसंहितांचे प्रकाशन केले. त्वचेवर उघड दिसणाऱ्या विकारामुळे माणसाचे समाजातील स्थान कसे पालटते, ह्या प्रश्नाची प्राचीन साक्ष पाहू जाता औंधच्या ह्या दोन उद्योगांशी निगडित असलेल्या ग्रंथांकडेच, म्हणजे अथर्ववेद व महाभारत ह्यांकडे, वळावे लागते. ही साक्ष एकमुखी नाही, आणि तिच्यातील भेदच विशेष उद्बोधक आहेत.

अथर्ववेदाच्या प्रथम कांडातील तेविसावे व चोविसावे ही सूक्ते किलास नामक विकारासंबंधी आहेत. अंगावरील पांढरेपण नाहीसे करून मूळचा वर्ण परत द्यावा, अशी प्रार्थना तेथे रात्री उगवलेल्या काळ्या वनस्पतीस केली आहे. ह्या पांढऱ्या डागास सूक्तकार ‘लक्ष्म’ म्हणजे खूण म्हणतो. विकार अस्थींतून वा देहातून उपजलेला असेल, अथवा बाहेरील दूषणाने झालेला असेल, असे तो मानतो. परंतु रुग्णाच्या हातून काही पाप घडले, असे तो कोठेही सुचवीत नाही. खूण नाहीशी व्हावी एवढीच त्याची अपेक्षा. खुणेवरून माणसाची योग्यता ठरविण्याचा विचार ह्या सूक्तांत नाही.

तो विचार देवापीच्या कथेत येतो. पण तोही तिच्या सर्व रूपांत सारखा नाही. देवापी व शंतनु ह्यांचा उल्लेख ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.९८) आहे. त्या सूक्ताच्या अनुषंगाने यास्काने निरुक्तात दिलेली कथा अशी : धाकट्या शंतनूने स्वतःस अभिषेक करविला, देवापी तपास गेला. पुढे शंतनूच्या राज्यात बारा वर्षे पर्जन्य झाला नाही. ज्येष्ठास डावलल्याचा अधर्म हे ब्राह्मणांनी त्याचे कारण सांगितले. तेव्हा शंतनूने राज्य देऊ केले, पण देवापीने पौरोहित्यच पत्करले. ह्या कथेत त्वचेच्या विकाराचे नावही नाही. दोष आहे तो शंतनूच्या वर्तनाचा.

बृहद्देवतेत देवापी ‘त्वग्दोषी’ झाला आहे. पित्याच्या पश्चात प्रजा त्यालाच राज्य देऊ करते. तो क्षणभर विचार करतो आणि आपण राज्यास पात्र नाही, शंतनूस राजा करावे, असे सांगतो. वरवर पाहता येथे कोणीच त्याच्यावर अन्याय केलेला नाही. परंतु त्या क्षणभराच्या विचारात काय घडले, हे कथा सांगत नाही. प्रजेने बोलून न दाखविलेला निर्णय त्याने स्वतःच स्वतःविरुद्ध दिला आहे. समाजाचा नकार माणसाच्या मनात इतका मुरलेला असू शकतो, की समाजाला तो उच्चारावाही लागत नाही.

महाभारताच्या उद्योगपर्वात चित्र उलटते. तेथे देवापी धार्मिक, सत्यवादी, पितृसेवेत रत आणि पौरजानपदांना प्रिय असा आहे. वृद्ध प्रतीप त्याच्या अभिषेकाची सिद्धता करतो. पण ब्राह्मण, वृद्धजन व प्रजा मिळून तो अभिषेक अडवितात. हीनांग राजा देवतांना मान्य होत नाही, हे कारण. प्रतीपाचा कंठ दाटून येतो. देवापी वनात जातो. ज्या पौरजानपदांस देवापी प्रिय होता, तेच त्याला अडविणाऱ्यांत आहेत, ही गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. येथे द्वेषाने कोणीच वागत नाही. गुण मान्य आहेत, प्रेमही आहे, आणि तरीही नकार आहे. औंधच्या अधिपतींनी १९३९ मध्ये राज्यसत्ता प्रजेच्या हाती सोपविली, हा त्या संस्थानाच्या इतिहासातील गौरवाचा भाग होय. प्रतीपाच्या कथेत त्याच लोकमताच्या सामर्थ्याची दुसरी बाजू दिसते.

ह्या रूपाचा आणखी एक विशेष असा, की ही कथा दुर्योधनास सांगणारा धृतराष्ट्र आहे. आपणही हीनांग म्हणूनच ज्येष्ठ असता राज्यास मुकलो, असे तो लगेच म्हणतो. ज्या नियमाने त्याला स्वतःला बाजूला सारले, तोच नियम तो पुत्रास प्रमाण म्हणून ऐकवितो. बृहद्देवतेतील देवापीने नकार मनात मुरवून घेतला. धृतराष्ट्राने तो पुढच्या पिढीच्या हवाली केला.

देवापीचा विकार नेमका कोणता, हे ‘त्वग्दोष’ ह्या शब्दावरून ठरत नाही. मत्स्यपुराणात मात्र त्याला स्पष्टपणे कुष्ठी म्हटले आहे. मोघम दोषास भयंकर नाव मिळण्याची ही प्रक्रिया भाषेच्या इतिहासातही आढळते. सुश्रुताने किलासास कुष्ठाचाच एक प्रकार मानले, तथापि तो केवळ त्वचेपुरता असतो व स्रवत नाही, हा भेदही नोंदविला. बोलींनी हा विवेक राखला नाही. ‘कुष्ठ’ ह्यापासून आलेला ‘कोढ’ हिंदीत महारोगाचा वाचक राहिला, तर मराठीत ‘कोड’ पांढऱ्या डागांस लागला. ‘श्वेतकुष्ठ’ ह्या सुशिक्षित शब्दाने तर हा घोटाळा अधिकच दृढ केला. मनुस्मृतीने श्वित्री व कुष्ठी अशी दोन पदे निराळी ठेवली. पण विवाहसंबंधात वर्ज्य कुळांच्या यादीत दोहोंना शेजारीच बसविले. अथर्ववेदात अंगावर असलेली खूण अशा रीतीने सबंध कुळावर गेली.

कोड हा संसर्गजन्य नाही. त्वचेस रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्याने तो होतो, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटणे हे त्याचे प्रमुख कारण आज मानले जाते. महारोग जंतुजन्य आहे व तो औषधाने पूर्ण बरा होतो. विवाहाच्या कायद्यातून महारोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. ज्ञान पालटले, कायदा पालटला. विवाह जुळविताना होणारी चौकशी मात्र पुष्कळ ठिकाणी कुळाचीच राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांच्या ‘नितळ’ (२००६) ह्या चित्रपटात कोड असलेल्या डॉक्टर तरुणीच्या विवाहाचा प्रश्न आहे, आणि तेथेही अडसर येतो तो आप्तजनांकडूनच. चित्रपटाचे शीर्षक मार्मिक आहे. मराठीत ‘दोष’, ‘डाग’, ‘कलंक’ हे शब्द अंगालाही लागतात व चारित्र्यालाही. ‘नितळ’ हा शब्द त्यांचा प्रतिपक्ष होय. कांतीपुरता वापरला जाणारा हा शब्द मनाकडे वळवून दिग्दर्शकांनी भाषेच्या त्याच सवयीचा उलट उपयोग केला आहे.

तेव्हा ‘कोड’ ऐवजी ‘पांढरे डाग’ म्हटल्याने भागेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. डाग हा शब्दही निष्पाप नाही. देवापीच्या कथेची तीन रूपे शेजारी ठेवली असता कळते ते हे, की त्वग्दोष कथेत मागाहून आला आणि येताच अधर्माचा प्रश्न मागे पडला. यास्काच्या कथेत ज्येष्ठाला डावलणे हा अपराध होता व त्याची शिक्षा साऱ्या राज्याला भोगावी लागली. महाभारतात डावलणे हाच धर्म झाला. त्वचेच्या खुणेने माणसाची योग्यता ठरविणाऱ्या प्रत्येक निर्णयापुढे यास्काचा जुना प्रश्न पुन्हा ठेवला पाहिजे : दोष कोणाचा?