उजनीचा काठ आणि नावेतील चढ-उतार : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक :

जहाजबांधणीच्या शास्त्रात जहाजाचा सांगाडा, इंजिन, स्थिरता या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने माणूस जहाजावर चढतो कसा आणि उतरतो कसा, हा विषय दुय्यम मानला गेला. शिडी, फळी, जिना ही जहाजाची 'उपकरणे' समजली गेली, जहाजाचा भाग नव्हे. ज्या प्रदेशाला समुद्र नाही तेथे तर हा प्रश्न उपस्थितच होत नाही, अशी समजूत आहे. बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्यातील तालुके समुद्रापासून दूर, अवर्षणप्रवण पट्ट्यातील. तथापि भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाल्यापासून इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व सीमेवर एक विस्तीर्ण जलाशय उभा आहे आणि त्यावर नावा चालतात. कळाशीहून कुगावला जाणारा शेतकरी, भिगवण-कुंभारगाव-डिकसळ परिसरात रोहित पक्षी पाहण्यासाठी बारामती-पुण्याहून येणारा पर्यटक आणि पहाटे जाळे काढणारा मच्छीमार या तिघांनाही एकच कृती रोज करावी लागते. चिखलातून नावेत पाय टाकणे, ही ती कृती होय. या कृतीची रचना कोणी केली, असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. ती कोणीच केलेली नाही, आणि या उणिवेचे परिणाम काठापुरते मर्यादित राहत नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मानके आणि त्यांची गृहीतके :

समुद्रावरील व्यवहारात या विषयाचे नियम बरेच काटेकोर आहेत. 'सोलास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सागरी सुरक्षाविषयक आंतरराष्ट्रीय करारात १ जानेवारी २०१० रोजी वा त्यानंतर बांधलेल्या जहाजांसाठी चढण्या-उतरण्याच्या साधनांचा स्वतंत्र नियम आहे. त्यासंबंधी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००९ साली मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. जहाज व धक्का यांना जोडणारा गँगवे क्षितिजाशी ३० अंशांहून अधिक तिरपा वापरू नये, जहाजाच्या कुशीला लावलेला जिना ५५ अंशांहून अधिक उभा वापरू नये, मुद्दाम त्याहून उभ्या कोनासाठी घडविलेला असेल तरच अपवाद, असे त्यांत सांगितले आहे. बंदरात वाट दाखविण्यास येणाऱ्या पायलटची दोरीची शिडी तर इंचाइंचाने ठरलेली आहे. दोन पायऱ्यांत ३१० ते ३५० मिलिमीटर अंतर असावे, खालच्या चार पायऱ्या रबराच्या असाव्यात, शिडी पिळू नये म्हणून ठराविक अंतरावर निदान १.८ मीटर लांबीची आडवी पायरी असावी आणि चढण ९ मीटरांहून अधिक झाल्यास शिडीला जिन्याची जोड द्यावी, अशी ही तपशीलवार संहिता आहे. या संहितेमागे माणसांचे मृत्यू आहेत, हे विसरून चालणार नाही. सागरी व्यवसायात पायलट आजही शिडीवरून पडून दगावतात.

परंतु ही मानके वाचताना त्यांची गृहीतके ध्यानात घ्यावी लागतात. पहिले गृहीतक असे की, जहाज उंच आहे आणि माणूस खालून वर जातो. दुसरे असे की, धक्का पक्का व स्थिर आहे. तिसरे, जे कोठेही स्पष्टपणे लिहिलेले आढळत नाही, ते असे की, पाण्याची कड उभी आहे. पाणी वर-खाली होते, पण दूर जात नाही. उजनीच्या काठावर ही तिन्ही गृहीतके कोसळतात.

पाण्याची उंची आणि पाण्याचे अंतर :

उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आणि किमान वापर पातळी ४९१.०३ मीटर आहे. म्हणजे उपयुक्त साठ्याच्या मर्यादेत पाणी ५.८ मीटर खाली-वर होते. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक सुमारे ५ मीटरपर्यंत जातो. आकडे जवळपास सारखे आहेत. मुंबईत जे सहा तासांत घडते ते उजनीत सहा-आठ महिन्यांत घडते, इतकाच काय तो फरक, असे प्रथमदर्शनी वाटेल. प्रत्यक्षात फरक याहून मूलगामी आहे. मुंबईच्या धक्क्याची भिंत उभी असल्याने पाच मीटरचा फरक तेथे पाच मीटरच राहतो आणि पायऱ्यांनी सुटतो. उजनीचा बुडीत भाग म्हणजे नदीकाठची सपाट शेती. जेथे जमिनीचा उतार शंभरास एक आहे तेथे ५.८ मीटरच्या घटीमुळे पाण्याची कड ५८० मीटर मागे सरकते. एका हंगामात जेथे नाव लागत होती ते ठिकाण दुसऱ्या हंगामात अर्धा किलोमीटर आत, भेगाळलेल्या गाळात उभे असते. शिवाय साठा 'उणे' गेल्यास, म्हणजे मृतसाठ्यातही घट झाल्यास, कड आणखी मागे जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. पळसदेवचे बुडीत मंदिर अशा वर्षी उघडे पडते आणि वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. त्याच वर्षी नावेच्या प्रवाशाला गाळातून किती चालावे लागते, याची छायाचित्रे येत नाहीत.

यावरून रूढ उत्तराची मर्यादा स्पष्ट होते. 'जेटी बांधा' ही मागणी जलाशयाच्या काठी हमखास ऐकू येते. एका पातळीला बांधलेली जेटी वर्षातील काही आठवडे उपयोगी पडेल. उरलेल्या काळात ती एक तर पाण्याखाली असेल किंवा कोरड्या रानात. तरंगता धक्का हे दुसरे उत्तर. उभ्या काठावर ते उत्तम चालते: ५.८ मीटर उंची ३० अंशांच्या गँगवेने गाठायची तर त्याची लांबी ११.६ मीटर पुरते. (चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक असा उतार धरला तर हीच लांबी सुमारे ७० मीटर होते. ३० अंशांचे मानक धडधाकट खलाशासाठी आहे, गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी नाही, ही बाब मानकांच्या अभ्यासकांनीही सहसा नोंदविलेली नाही.) सपाट काठावर मात्र पाणी ओसरताच तराफा गाळात बसतो आणि वाकडा होतो. तात्पर्य, येथे शिडीची समस्या उंचीची नसून अंतराची आहे. समुद्रासाठी लिहिलेली संहिता या समस्येला उत्तर देऊ शकत नाही, कारण तिने तो प्रश्न विचारलेलाच नाही.

काठ नावेला घडवितो :

या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथे येतो. धक्का नसेल तर नावेलाच काठाशी जुळवून घ्यावे लागते. चिखलात नाळ रुतवून उभी राहणारी नाव सपाट बुडाची, उथळ आणि हलकी असावी लागते. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला, त्यातही नऊवारी नेसलेल्या बाईला, शिडीवाचून आत येता यावे म्हणून तिची बाजू कमी उंचीची असावी लागते. म्हणजे ज्या गुणांमुळे नावेत चढणे शक्य होते, नेमके तेच गुण विस्तीर्ण जलाशयात वारा सुटल्यावर प्रतिकूल ठरतात. कमी उंचीच्या बाजूवरून लाट लवकर आत येते. शिडीचा अभाव अशा रीतीने नावेच्या आकृतीत शिरतो आणि काठ सोडल्यावरही प्रवाशासोबत राहतो.

ढोबळ गणित मांडल्यास हे अधिक स्पष्ट होईल. सहा मीटर लांब व दीड मीटर रुंद, साधारण आयताकृती नाव घेऊ. काठ आला म्हणून सरासरी ६० किलो वजनाची सहा माणसे उठून एका बाजूला, मध्यरेषेपासून ६० सेंटिमीटरवर उभी राहिली, तर कलविणारा आघूर्ण २१६ किलोग्रॅम-मीटर होतो. पाणरेषेच्या क्षेत्राचा जडत्व-आघूर्ण सुमारे १.६९ मीटर-चतुर्थघात येतो. त्यावरून नाव सात अंशांहून अधिक कलते आणि तिची एक बाजू जवळजवळ १० सेंटिमीटर खाली जाते. माणसे उभी असल्याने गुरुत्वमध्य वर सरकतो, त्याचा हिशेब यात धरलेला नाही. तो धरला तर कल आणखी वाढेल. नावेची बाजू पाण्यापासून वीतभरच वर असेल तर निम्म्याच्या आसपास सुरक्षितता नुसत्या उठून उभे राहण्यात खर्च होते. सगळे प्रवासी एकाच वेळी उभे असतात आणि एकाच बाजूला असतात, असा क्षण प्रवासात चढ-उताराच्या वेळीच येतो.

दोन दुर्घटना :

३० एप्रिल २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातील अजोती परिसरात नाव उलटून सहलीस आलेल्या डॉक्टरांपैकी चौघांचा मृत्यू झाला. २१ मे २०२४ च्या सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली; सातपैकी सहा जण बुडाले, त्यांत दोन बालके होती. या दुर्घटना चढ-उताराच्या वेळी घडलेल्या नाहीत, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. त्यांचा उल्लेख येथे केला तो नंतरच्या चर्चेसाठी. ती चर्चा जीवरक्षक जाकिटे, परवाने, प्रवासीसंख्येची मर्यादा आणि पूल यांभोवती फिरली. यांतील एकही मागणी गैर नाही. परंतु प्रवासीसंख्येची मर्यादा अमलात आणायची कोठे, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला.

गँगवे ही केवळ चढण्याची सोय नसते. ती मोजण्याची जागा असते. प्रवासी जहाज सुटण्यापूर्वी त्यावरील सर्व माणसांची मोजणी झाली पाहिजे, असा 'सोलास'चा दंडक आहे आणि तो पाळता येतो तो माणसे एका अरुंद वाटेने, एकामागून एक आत येतात म्हणून. मोकळ्या काठावर नाव कोठेही लागते आणि कोणीही कोठूनही चढतो. तेथे मोजणारा उभा राहणार कोठे? जाकिटे ठेवायची कोठे आणि परत घ्यायची कोठे? अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ मध्ये यंत्ररहित नावांच्या नोंदणीसाठी स्थानिक पातळीवरील प्राधिकाऱ्यांची कल्पना मांडली आहे, ती स्वागतार्ह आहे. पण ज्या नियमाला उभे राहायला जागा नाही तो कागदावरच राहणार. शिडीच्या रचनेकडे केवळ अभियांत्रिकीचा विषय म्हणून पाहणाऱ्यांकडून ही तिची प्रशासकीय बाजू निसटते.

पर्यायांचा विचार :

कोकणात याच स्वरूपाच्या प्रश्नाला एक समाधानकारक उत्तर सापडले आहे. दाभोळ-धोपावे दरम्यान २००३ साली सुरू झालेल्या फेरीबोटीला तोंडाशी खाली पडणारा उतरता दरवाजा आहे आणि दोन्ही काठांवर काँक्रीटचा तिरपा उतार आहे. पाणी ज्या उंचीला असेल तेथे बोट उताराला तोंड टेकते. येथे शिडी हलत नाही, धक्काही हलत नाही. टेकण्याची जागा हलते. पंढरपूरला याच भीमेच्या काठी असलेले घाट वेगळ्या हेतूने बांधलेले असले तरी तत्त्व तेच आहे. घाट ही प्रत्येक पातळीला उपलब्ध असणारी पायरी होय. आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर होते. जलाशयाच्या काठी ते आले नाही, कारण धरणाचा हिशेब अब्ज घनफुटांत होतो, पायऱ्यांत होत नाही.

अर्थात पाचशे मीटर लांबीचा काँक्रीट उतार प्रत्येक गावी शक्य नाही, आणि गाळावर तो टिकेल याचीही शाश्वती नाही. जेथे काठ तुलनेने चढा आहे अशी मोजकी ठिकाणे निवडून तेथे उतार बांधणे आणि इतरत्र हलविता येणाऱ्या घोड्यांवर फळ्या टाकून वाट करणे, हा मधला मार्ग व्यवहार्य दिसतो. पूर्व बंगालच्या नद्यांवर काठ आणि नाव यांमध्ये एकच फळी टाकतात आणि दोन माणसे तिच्या कडेने एक बांबू आडवा धरून उभी राहतात, तोच कठडा. ही व्यवस्था स्वस्त आहे आणि तीत मोजणीही आपोआप होते, कारण बांबू धरणाऱ्याच्या समोरून प्रत्येकाला जावे लागते. भिगवण परिसरातील पर्यटक-नावांवर ती उद्यापासून अमलात येऊ शकते. फळीची रुंदी, तिच्यावर ठोकायच्या आडव्या पट्ट्यांमधील अंतर, ओल्या गाळाने माखलेल्या पायाखाली लाकूड किती घसरते, हे बारामती-इंदापूरच्या अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना एका सत्रात मोजता येण्यासारखे विषय आहेत. काठाचा उतार गावोगाव मोजून नोंदविण्याचे काम भूगोल विभागांना जमेल, आणि ते आधी झाले पाहिजे. त्यावाचून कोणताही आराखडा अंदाजाने काढलेलाच ठरेल.

शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाल्याने हा सर्व प्रश्न कालबाह्य होईल, असा एक आक्षेप संभवतो. पुलामुळे त्या दोन काठांमधील नित्याच्या प्रवाशांचा वळसा वाचेल, यात शंका नाही. मासेमारी मात्र पुलावरून होत नाही, आणि रोहित पक्षी पाहण्यासाठी पाण्यातच जावे लागते. पक्ष्यांच्या मोसमात, म्हणजे साधारण डिसेंबरनंतर, पाणी उतरू लागलेले असते आणि उथळ गाळाचा पट्टा उघडा पडतो. याच पट्ट्यात रोहित येतो आणि याच पट्ट्यातून पर्यटक नावेत चढतो. तेथे सिमेंटचा पक्का उतार घातल्यास पक्ष्यांच्या खाद्यक्षेत्राला बाधा पोहोचू शकते. म्हणून त्या भागापुरती तरी फळी आणि घोडे हीच रचना योग्य ठरते, आणि मोसम संपताच ती उचलून नेता येते.