सामायिक भाषा, वेगळे घर : जबलपूरच्या मराठीपणाचा प्रश्न

'बृहन्महाराष्ट्र' ही संज्ञा मराठी समीक्षेत इतकी रुळली आहे की, तिच्यात गृहीत धरलेला सिद्धान्त सहसा कोणी तपासून पाहत नाही. जेथवर मराठी बोलली जाते तेथवर महाराष्ट्राचे अंगण पसरले आहे, असा तो सिद्धान्त. या हिशेबाने इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे वा जबलपूर येथील मराठी माणूस हा लांब राहणारा, पण त्याच घरचा ठरतो. त्याने मराठीत लिहिले तर त्याचे कौतुक होते. हिंदीत लिहिले तर 'मूळचे मराठी' एवढ्या नोंदीवर त्याची बोळवण होते. भाषा एक म्हणून अस्मिता एक, हे समीकरण कितपत टिकते हे पाहण्यासाठी थोडे दूर, ऑस्ट्रियापर्यंत जावे लागते.

ऑस्ट्रियाचे लोक जर्मन बोलतात. १९१८ मध्ये हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळल्यावर उरलेल्या भागाने स्वतःला 'जर्मन-ऑस्ट्रिया' असे नाव घेतले आणि आपण जर्मन प्रजासत्ताकाचाच भाग आहोत, अशी घोषणाही केली. विजेत्या राष्ट्रांनी १९१९ च्या तहात ते नाव आणि ते विलीनीकरण, दोन्ही नाकारले. १९३८ मध्ये हिटलरने तेच विलीनीकरण बळाने घडवले, तेव्हा व्हिएन्नाच्या चौकात त्याचे स्वागत करणारेही पुष्कळ होते. महायुद्धानंतर मात्र हेच लोक आपण जर्मन नव्हे असे म्हणू लागले. त्या म्हणण्यात अपराधाच्या वाट्यातून सुटका करून घेण्याचा हेतू मुळीच नव्हता, असे म्हणता येत नाही. तरी १९५१ मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र शब्दकोश काढला, १९५५ मध्ये सार्वभौमत्व परत मिळवले आणि १९९५ मध्ये युरोपीय संघात प्रवेश करताना बटाटा, टोमॅटो, जर्दाळू अशा जिनसांची तेवीस ऑस्ट्रियन नावे करारात नोंदवून घेतली. तेवीस शब्दांवर राष्ट्र उभे राहत नाही, हे खरे. पण शेजाऱ्याशी आपले नाते आहे, घर मात्र वेगळे आहे, हे सांगण्यासाठी एखाद्या समाजाला स्वयंपाकघरातले शब्द पुढे करावेसे वाटावे, हे लक्षणीय आहे. रॉबर्ट मुसिल किंवा योजेफ रोट यांच्या कादंबऱ्या केवळ जर्मन साहित्याची एक शाखा म्हणून वाचल्या, तर मोडलेल्या साम्राज्याचा त्यांतला अनुभव निसटून जातो.

१९५६ मध्ये झालेल्या एका पाहणीत ऑस्ट्रियन हे स्वतंत्र राष्ट्र आहे, असे जेमतेम निम्म्या लोकांनी म्हटले होते. त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, जबलपूरच्या मराठी समाजाची प्रांतिक चौकट मोडली. मराठ्यांचा या शहराशी संबंध १७८१ पासूनचा. सागरच्या मराठी सुभेदारांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. पुढे मध्यप्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूरला जोडले गेले, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. राज्यकर्त्यांच्या मागून आलेल्या मराठी कुटुंबांत आता नोकरीपेशातल्यांची भर पडली. ज्या प्रांतात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या, तो प्रांत १९५६ मध्ये दुभंगला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले, पण मराठी मात्र राज्यकारभारातून उठून घरात आली.

ऑस्ट्रियाशी तुलना येथे थांबवावी लागते. तेथे सामायिक भाषा हीच बहुसंख्यांची आणि राज्याचीही भाषा राहिली. जबलपूरचा मराठी माणूस अल्पसंख्य होता आणि त्याच्या अवतीभवती दुसरी, तितकीच समर्थ भाषा नांदत होती. म्हणूनच त्याच्या अस्मितेचा शोध केवळ मराठी ग्रंथांच्या यादीत घेता येत नाही.

माधवराव सप्रे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ मध्ये जन्मलेल्या सप्र्यांची मातृभाषा मराठी. त्यांनी आयुष्य वेचले ते हिंदी गद्याच्या उभारणीसाठी. 'छत्तीसगढ मित्र' त्यांनी १९०० मध्ये काढले. १९२० मध्ये जबलपूरहून 'कर्मवीर' निघाले त्यामागेही त्यांचीच प्रेरणा होती. मराठी साहित्येतिहास त्यांना हिंदीला दिलेली देणगी मानतो. पण समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारा हा लेखक कोणाच्या वतीने दान करीत नव्हता. मराठीतला तत्त्वविवेचनाचा संथ, मुद्देसूद युक्तिवाद ज्या समाजात त्याला जगायचे होते त्या समाजाच्या भाषेत त्याने रुजवला. त्या हिंदी वाक्यांची घडण मराठी अभ्यासकांनी अद्याप बारकाईने पाहिलेली नाही, हा दोष सप्र्यांचा खचित नव्हे.

झाशीच्या राणीचेही असेच. वरसईच्या गोडसे भटजींनी वेढ्यातली झाशी डोळ्यांनी पाहिली आणि 'माझा प्रवास'मध्ये ती मराठीत नोंदवली. जबलपूरला स्थायिक झालेल्या सुभद्राकुमारी चौहान यांनी तीच राणी बुंदेल्या हरबोलांच्या मुखातून हिंदीत उभी केली. पहिल्या पुस्तकात राणी परमुलखात भेटलेली आपल्यातली बाई आहे, दुसऱ्यात ती त्या मुलखाचीच झाली आहे. दोन्ही खरे आहे, आणि जबलपूरच्या मराठी वाचकाला दोन्ही एकदम वाचावे लागते.

या प्रश्नाची सर्वांत सखोल मांडणी मात्र एका घरातल्या दोन भावांनी केली. मुक्तिबोधांचे पूर्वज जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात गेलेले. आई बुंदेलखंडातली, हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद दोघांचीही वाचक. थोरले गजानन माधव हिंदीचे युगप्रवर्तक कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीचे. भाषा निराळ्या; पण मार्क्सवादाशी असलेले नाते, मध्यमवर्गीय मनाची स्वतःशी चाललेली झुंज, मुक्तच्छंदाचा विस्तीर्ण आवाका या गोष्टी दोघांत समान आहेत. शरच्चंद्रांच्या १९५४ च्या कादंबरीचे नाव 'क्षिप्रा' आहे, माळव्यातल्या नदीचे. मुळा-मुठेच्या काठावरून पाहणाऱ्या समीक्षेला ही केवळ स्थळाची निवड वाटते. वास्तविक मराठी कादंबरीतला मध्यमवर्ग येथे प्रथमच, आपण परमुलखात आहोत असे न मानता, मराठीत विचार करतो. थोरल्या भावाच्या हिंदीत मराठी वळणे शोधण्याचा उद्योग पुष्कळ झाला आहे. धाकट्याच्या मराठीत हिंदी प्रदेशाची अनुभवसृष्टी शोधण्याचा तितका झालेला नाही. ही असमतोल नजर अभ्यासक्रमांतही उतरली आहे: विद्यार्थ्याला एक भाऊ हिंदी विभागात भेटतो, दुसरा मराठी विभागात, आणि दोघांची आई कोठेच भेटत नाही.

गजानन माधव काही काळ जबलपूरच्या हितकारिणी शाळेत शिक्षक होते. पुढे नागपूर आणि राजनांदगाव येथे राहत असतानाही त्यांचे या शहराशी नाते तुटले नाही. 'एक साहित्यिक की डायरी'तले लेख हरिशंकर परसाई यांच्या जबलपूरहून निघणाऱ्या 'वसुधा' मासिकात येत होते. त्या लेखांतला निवेदक एखाद्या मित्राशी वाद घालत चालतो, त्याचे म्हणणे अर्ध्यावर मान्य करतो, पुन्हा फिरून स्वतःलाच प्रश्न विचारतो. हिंदी समीक्षेने या संवादाला आत्मसंघर्ष म्हटले. घरात एक आणि दारात एक अशा दोन भाषांत वाढलेल्या माणसाची विचार करण्याची ही रीतच असेल काय, हा प्रश्न मराठीच्या बाजूने विचारला जायचा आहे.