‘ॲक्शन्स’: एक वाद्यवृंद, दोन स्वातंत्र्ये

१७ ऑक्टोबर १९७१ रोजी जर्मनीतल्या डोनाऊएशिंगेन महोत्सवात ध्वनिमुद्रित झालेली ‘ॲक्शन्स’ ही तबकडी जुगलबंदी म्हणून ऐकू नये. पेंडेरेत्स्की आणि डॉन चेरी यांच्या रचना तीत वेगवेगळ्या आहेत. वाद्यवृंद मात्र एकच. हिरोशिमाच्या बळींचा विलाप ५२ तंतुवाद्यांतून उभा करणारा पेंडेरेत्स्की इथे ‘फ्री जॅझ’साठी लिहितो, संचालनही स्वतःच करतो. ब्रॉट्झमनचा सॅक्सोफोन, हान बेनिंकचे ड्रम. असल्या मंडळींना मोकळीक दिली आहे खरी, पण कधी उठायचे आणि कुठे थांबायचे हे त्यांच्या हाती नाही. मला ही रचना भरीव वाटते, मुक्त नाही.

चेरीच्या ‘ह्यूमस’मध्ये सूर गळ्यातून येतात. पुढल्या तुकड्याचे नावच ‘सीता राम एन्कोअर्स’. आपल्याकडचा श्रोता इथे लगेच सुखावतो. मीही सुखावलो होतो. पण रागाची शुद्धता तपासायला बसलो, तर हाती काही लागत नाही. चेरीने उचलली ती शिकवण्याची रीत: कागद बाजूला, आधी म्हणून दाखवायचे, मग म्हणवून घ्यायचे. हे आपल्या घराण्यांना सांगायला नको.